दारवर

बस निघाली आणि कोणी डबल बेल दिली नाही.

जीवरामचा गुडघा समोरच्या दांडीवर आपटला, काखेतली पिशवी घसरून पोटाशी आली आणि त्याच्या तोंडून हलकेच 'अरे' निघालं. धक्का म्हणावा असा तो नव्हताच. धुळे आगाराच्या गाडीत तेहतीस वर्षं उभ्यानं तिकिटं पाडलेल्या माणसाला असले धक्के म्हणजे पाळण्याचा झोका. पण ते सगळे धक्के त्याच्या ओळखीचे असायचे, कारण ते त्यानंच मागवलेले असायचे. माणसं चढली, दार लागलं, दोरी दोनदा ओढली, टण् टण्, की गाडी हलायची. एकदा ओढली की थांबायची. एवढ्या दोन वाक्यांवर त्यानं आणि अभिमन ड्रायव्हरनं एकवीस वर्षं संसार केला होता, आणि त्यात जितकी भांडणं झाली नाहीत तितकी घरी मीठ जास्त पडण्यावरून होत. इथं, पोलंडातल्या वॉर्सा नावाच्या गावाच्या विमानतळाबाहेर, ड्रायव्हर काचेआड बसलेला, कंडक्टर नाहीच, दारं आपली आपण लागतात आणि गाडी कोणाला न विचारता निघते. रंग तेवढा लाल-पिवळा होता. त्या रंगाच्या भरवशावर तो चढला होता. आता बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की रंगाच्या भरवशावर गाडीत चढणारे प्रवासी त्यानं आयुष्यभर खाली उतरवले होते.

तिकीट त्यानं काढलं होतं, त्याबद्दल कोणाचा गैरसमज नको. स्टॉपवरच्या यंत्रापुढे तो दहा मिनिटं उभा होता. यंत्र कुठं जायचं ते विचारेना. किती वेळ जायचं, एवढंच विचारत होतं. वीस मिनिटं, की पंचाहत्तर मिनिटं. मागं उभ्या असलेल्या बाईनं त्याच्या हातातला कागद वाचला आणि त्याच्या वतीनं पंचाहत्तर दाबलं. कागदावर मुलानं, प्रेमराजनं, स्टॉपचं नाव त्यांच्या लिपीत आणि त्याखाली मराठीत लिहून पाठवलं होतं: 'विमानतळापासून अकरावा. बस बदलायची नाही.' तिकीट हातात आल्यावर जीवराम ते बराच वेळ उलटंपालटं करून बघत राहिला. आयुष्यात त्यानं 'कुठं?' हा प्रश्न किती लाख वेळा विचारला असेल, कोण जाणे. झोपलेल्याला, भांडणाऱ्याला, कोंबडी पदराखाली लपवणाऱ्या म्हातारीला, नव्या नवरीला, आणि एकदा सोनगीरला चढलेल्या, हातात कोरा अस्थिकलश घेतलेल्या माणसाला. प्रत्येकानं उत्तर दिलं होतं. इथं तो प्रश्नच काढून टाकलाय. मग गाडीत चढल्यावर ते तिकीट दांडीवरच्या पिवळ्या डबीत आपणच खुपसायचं, आपणच पाडून घ्यायचं. डबीनं 'खर्र' केलं. तो आवाज कानात गेला, आत कुठं पोचला नाही. हल्ली असंच होतं. गोष्टी कानापर्यंत येतात आणि दाराशीच बसतात.

प्रेमराज घ्यायला येणार म्हणत होता. येणारच म्हणत होता. फोनवर दोन वेळा म्हणाला, तिसऱ्यांदा आवाज चढवून म्हणाला. जीवरामनं मग सरळ गावच्या बोलीत सांगितलं, "दारवर येनारले कोनी लेवाले येस का रे? तू घरमाच बठ."

मग मुलगा म्हणाला, "नाना, हे धुळे नाही."

"मरन तं तेच शे ना?" जीवराम म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

यात हट्ट नव्हता, रीत होती. खानदेशात कोणाकडे गमी झाली की सव्वा महिन्याच्या, म्हणजे चाळीस दिवसांच्या, आत नात्यागोत्यानं दारवर जायचं असतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं उठायचं नाही, सामोरं यायचं नाही, फक्त बैठकीवर बसून राहायचं. आलेल्यानं आपल्या पायानं यायचं, हात जोडायचे, घडीभर बसायचं, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. नुसतं उठून चालू लागायचं. घरी गेल्यावर बाहेरच अंघोळ. आता जीवरामचा व्याही, म्हणजे प्रेमराजचा सासरा, म्हणजे मार्ताचा बाप, नाव उच्चारायला अवघड म्हणून अख्खी गल्ली ज्याला स्टॅनभाऊ म्हणायची तो माणूस, गेल्याला आज अडतिसावा दिवस होता. दोनच दिवस हातात होते. ते चुकले की दार राहून गेलं, आणि राहिलेलं दार पुढं कधी करता येत नाही. व्हिसाच्या फॉर्मात प्रवासाचा उद्देश विचारला होता. पर्यटन, व्यापार, शिक्षण, उपचार, खेळ, असे बरेच उद्देश लोकांना असतात असं त्यावरून दिसलं. दारवर नव्हतं. एजंट म्हणाला, काका, पर्यटन टाका. त्यामुळे सकाळी काचेमागच्या पोरसवदा साहेबानं विचारलं तेव्हा जीवरामनं पाठ केल्याप्रमाणे 'टुरिस्ट' सांगितलं, आणि साहेबानं हसून 'एंजॉय' म्हटलं. शोकाला निघालेल्या माणसाला एवढ्या मोकळ्या मनानं आशीर्वाद आजवर कोणी दिला नव्हता.

पहिला स्टॉप गेला. दुसरा. बाहेर पानं गळालेली झाडं, एका रंगाच्या चार चार मजली इमारती, माणसं कानांवर टोप्या ओढून एका रांगेत चालणारी. त्याला काही वाटत नव्हतं. परदेश बघून काहीतरी वाटायला हवं, हे त्याला माहीत होतं. अभिमननं निघताना तसं बजावलंही होतं. आधी मात्र थट्टा. "विमानमां डबल बेल कोन देस, जीवराम? तूच दे, नहीतं ते उडाव नही," असं म्हणून तो एकटाच हसला होता. अभिमनला ठाऊक होतं. बायको, कोकिळा, जाऊन तीन वर्षं होत आली, आणि या माणसाच्या डोळ्यांतून एक टिपूस निघालेलं कोणी पाहिलं नव्हतं. दहाव्याला नाही, गंधमुक्तीला नाही, तिची चष्म्याची डबी पिठाच्या डब्यामागं सापडली तेव्हा नाही. गल्लीनं त्याला खंबीर ठरवून टाकलं. जीवरामला हे पटलं नव्हतं. बंद पडलेल्या गाडीला कोणी खंबीर म्हणत नाही.

शिवाय रडणं हे खातं त्याच्याकडे कधी नव्हतंच. ते कोकिळाकडे. दारवर जायला जीप ठरायची, चोपडा म्हणा, फैजपूर म्हणा, शेजारच्या भिकुबाई, बेबाबाई, दोन-चार म्हाताऱ्या मागं दाटीवाटीनं बसायच्या, आणि वाटभर सेव-मुरमुरे चालायचे. कोणाची सून कशी, कोणाचं वांग्याचं भरीत किती तिखट, हसणं-खिदळणं, ड्रायव्हरला टोमणे. गाव आलं की कोकिळा ओठ पुसायची. जीप गल्लीच्या तोंडाशी वळली, की पदर नाकापर्यंत यायचा आणि त्या पदराच्या आतून असा हेल निघायचा, की जीपमधली माणसं, जी पाच मिनिटांपूर्वी तिच्याच विनोदाला हसली होती, तीही क्षणभर हादरायची. मग बाकीच्या तिच्या सुरात सूर मिळवायच्या. घरातल्या बायांना तो हेल गल्लीच्या कोपऱ्यापासून ऐकू यायचा. आली बरं, आपलं कोणीतरी आलं. मग आतूनही सूर फुटायचा. जीवराम मागून चालायचा, चप्पल काढायचा, हात जोडायचा, भिंतीला टेकून बसायचा. एकदा लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्यानं तिला विचारलं होतं, की तुझं एवढं काय नातं होतं त्या म्हाताऱ्याशी. ती म्हणाली होती, "नातं नही. पन घरनासले कयाले पाहिजे ना, का आमी येल शेत. तुम्ही नुसता हात जोडीसन बठा. रडानं मी दखी लिसू." म्हणजे घरच्यांना कळायला हवं ना, की आपण आलोय, तुम्ही फक्त हात जोडून बसा, रडण्याचं मी बघून घेईन. आणि तिनं ते बघून घेतलं. एकतीस वर्षं. शेवटी तिच्याच दारवर माणसं यायला लागली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बाकीच्या बाया येऊन नुसत्या थांबायच्या, एकमेकींकडे बघायच्या. सूर धरणारी आत फोटोत होती.

त्या दिवसांतच स्टॅनभाऊ आला. प्रेमराजचं लग्न वॉर्सात झालं तेव्हा जीवराम गेला नव्हता. रजा मिळत नाही म्हणाला होता. तो तेव्हा निवृत्त होता. कोकिळाला हे कारण सांगितलं तेव्हा तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं होतं, की त्याची बाकीची कारणं तोंडातच राहिली. पुढे तिनं आपल्या परीनं सोयरीक जोडून घेतली: व्हिडिओवर ती इकडून हिरवं वांगं दाखवायची, तिकडून स्टॅनभाऊ कोबीचा गड्डा दाखवायचा, दोघांना एकमेकांचा शब्द कळत नसे, आणि अर्धा अर्धा तास चालायचं. जीवराम त्या वेळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायचा. एकच पेपर, पुन्हा पुन्हा. कोकिळा गेली तेव्हा प्रेमराज तिसऱ्या दिवशी पोचला. मार्ताला सातवा महिना, ती येऊ शकली नाही. आणि नवव्या दिवशी दुपारी, कोणाला काही न कळवता, रिक्षातून एक सहा फुटी, टक्कल पडलेला गोरा म्हातारा उतरला. मुंबईहून लाल गाडीनं आला होता, धुळ्याच्या स्टँडवर उतरला होता, आणि रिक्षावाल्याला त्याला येत होते तेवढे दोनच शब्द सांगितले होते. जीवराम. कंडक्टर. रिक्षावाल्यानं बरोबर दारात आणून सोडला. हातात कागदात गुंडाळलेली शेवंतीची सहा फुलं. प्रेमराज नंतर सांगत होता, की त्यांच्यात शोकाला शेवंतीच नेतात, आणि नेहमी समसंख्येनं; म्हणून म्हणे त्यानं स्टँडसमोरच्या बाईकडून सात घेतलेली मोजली आणि एक परत दिलं. बाईला वाटलं, गिऱ्हाईक खुळं आहे.

खुळं नव्हतं. घ्यायला कोणी गेलं नाही, आपल्या पायानं आला, हात जोडले, भिंतीला टेकून बसला. रीत माहीत नसताना सगळी रीत पाळली त्यानं. जीवरामच्या शेजारी, खांद्याला खांदा, दोन दिवस. जीवराम एक शब्द बोलला नाही. बोलायचं नव्हतं असं नाही. तोंड उघडलं की आत शुकशुकाट. स्टॅनभाऊनं आयुष्यभर वॉर्सात, कदाचित आत्ताच्या याच रस्त्यावर, बस चालवली होती. अभिमनला कोणीतरी हे सांगितल्यावर त्याला भाऊ सापडल्यासारखं झालं. तो त्याला संध्याकाळी आगारात घेऊन गेला, एका उभ्या गाडीत बसवलं, दोरी हातात दिली. एक ओढ, थांब. दोन ओढ, चल. म्हातारा पोरासारखा ओढत बसला, असं अभिमन सांगत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. उंबऱ्याशी थांबला, वळला आणि जीवरामकडे बघत उभा राहिला. वाट बघत. आता या रीतीत 'पुन्हा या' म्हणत नाहीत. दारवर आलेल्याला पुन्हा या म्हणणं म्हणजे पुन्हा मरण बोलावणं. जीवराम बसून राहिला, आणि ते बरोबरच होतं. अख्खी गल्ली साक्षीला होती की बरोबर होतं. पण त्या माणसाला हे कोणी सांगितलं होतं? तो हजारो कोस आला होता आणि समोरचा त्याच्याकडे दगडासारखा बघत होता. मग स्टॅनभाऊनं बोटाच्या पेरानं दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवलं. टक् टक्. आणि गेला.

डबल बेल. जीवरामला ती समजली होती. समजूनही तो हलला नाही, कारण हलण्याचं काही आत शिल्लक नव्हतं. त्यानंतर तीन वर्षं, दुपारी डोळा लागताना, कधी कधी चौकटीवर ते वाजायचं.

सातवा स्टॉप. की आठवा? एक बाई चढली, तिच्या पिशवीत शेवंतीची कुंडी होती. बाहेर फूटपाथवर कुंड्यांचे ढीग लावलेले, पिवळ्या, पांढऱ्या. काही सण असावा. जीवरामनं सवयीनं चढले किती, उतरले किती याची मनात बेरीज केली आणि मग स्टॉपची बेरीज विसरला. तेहतीस वर्षांत त्यानं स्टॉप कधी मोजले नव्हते. ते अंगाला कळायचे. सोनगीरचा किल्ला खिडकीत आला की घसा आपोआप मोकळा व्हायचा, "सोनगीऽऽर, सोनगीरवाले", शेवटचं अक्षर तांबड्या मातीत लांबवर ओढत न्यायचं. प्रेमराज लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना त्याची नक्कल करायचा आणि मार खायचा. इथं छताजवळ एक पट्टी होती, तिच्यावर पुढच्या दोन-तीन स्टॉपची नावं उमटत होती. त्यानं कागद वर धरला, अक्षराला अक्षर जुळवलं. पुढचा. पुढचा नाही, त्याच्या पुढचा.

आणि मग त्याला नेमकं कळलं, की तो कशाला भीत होता. गाव चुकेल याला नाही, भाषेला नाही. तो दारवर जाणार, भिंतीला टेकून बसणार, समोर मार्ता आणि तिचं पोर, ज्यांना त्यानं फोटोतच पाहिलं, बाजूला प्रेमराज, जो त्याच्याकडे बघेल. आणि डोळ्यांतून काही येणार नाही. आईच्या वेळी आलं नाही, त्याचं पोरानं समजून घेतलं असेल. त्या म्हाताऱ्याच्या वेळीही आलं नाही, तर तो काय समजेल? नाना हिशेब चुकता करायला आले. शोक करायला नाही. पिशवीत मार्तासाठी दुखवट्याचं पातळ होतं, सारिकाच्या, म्हणजे भिकुबाईच्या सुनेच्या, पसंतीनं घेतलेलं. ते पुढं करायचं, हात जोडायचे, उठायचं. कोकिळाशिवाय हे सगळं म्हणजे सूर नसलेलं भजन. टाळ आहेत, माणसं बसली आहेत, आणि कोणी सुरुवात करत नाही.

त्यानं दांडीवरचं लाल बटण पाहिलं. इतकी लोकं ते दाबत होती, की ते काय हे सांगायला लागत नव्हतं. पट्टीवर त्याच्या स्टॉपचं नाव सगळ्यात वर आलं. त्यानं बटण दाबलं. वर लाल अक्षरं उजळली. बरं केलं असं वाटेपर्यंत हात पुन्हा गेला, ठरवून नव्हे, आणि त्यानं ते दुसऱ्यांदा दाबलं. टण् टण्. चल. जाऊ दे. इथं कोणी उतरायचं नाही. पुढं कुठंतरी हे गाव संपत असेल, तिथं डेपो असेल, डेपोत चहा असेल, तिथून परत विमानतळ. प्रेमराजला सांगता येईल, सापडलं नाही. म्हाताऱ्या माणसाला परक्या गावात काय सापडतं?

बस थांबली. तिला डबल बेल माहीत नव्हती. एकदा दाबा, दोनदा दाबा, शंभरदा दाबा, इथं त्याचा एकच अर्थ. दारं उघडली, गार हवा आत आली. कोणी उतरलं नाही. कोणी चढलं नाही. आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले, मागं बघणारे. चिडके नव्हते, नुसते वाट बघणारे. उंबऱ्याशी थांबलेल्या माणसाचे असतात तसे. मग गाडीतली चार-पाच माणसंही वळून बघायला लागली, की बटण कोणी दाबलं.

घंटी मारून न उतरणारा प्रवासी ही जात जीवरामला आयुष्यात सहन झाली नव्हती. अशांना त्यानं नावं ठेवली होती, अभिमननं तर त्यांच्या आजोबांपर्यंतची चौकशी केली होती. ड्रायव्हरला विनाकारण थांबवणं म्हणजे पाप. तो उठला, पिशवी सावरली, आणि ड्रायव्हरच्या दिशेनं हात किंचित वर करून खाली उतरला. दारं लागली. बस हलायच्या आधी त्याच्या तळव्यानं तिच्या पत्र्यावर दोनदा थाप दिली होती. बस गेली.

समोर एक गल्ली होती. कागदावर बाण काढला होता, गल्लीत डाव्या हाताची तिसरी इमारत, तिसरा मजला. तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि थांबला. पिशवी खाली ठेवली. मफलर नीट केला. उभा राहिला. एक सायकलवाला गेला. एक कुत्रा, त्याच्या मागं त्याची बाई. जीवराम कोपऱ्यावर तसाच उभा, किंचित एका बाजूला सरकून, जणू कोणाला पुढं जायला वाट देतोय. बराच वेळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण थांबलोय ते कोकिळानं सुरू करावं म्हणून.

त्यानं डावीकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. तिथं तीन वर्षांपासून कोणी नव्हतं, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कोणीतरी सांगितल्यासारखं वाटलं.

घरच्यांना कळायला पाहिजे ना, आपण आलोय. त्यानं तोंड उघडलं. हेल कसा काढतात हे त्यानं एकतीस वर्षं मागून ऐकलं होतं, पण ऐकून गळा तयार होत नाही. त्याच्या गळ्याला आवाज वर न्यायची एकच रीत येत होती. आतून जे निघालं ते पोटापासून निघालं, आणि शेवटच्या अक्षरावर लांबत, फाटत गेलं.

"सोनगीऽऽऽर…"

कुत्र्याची बाई वळली. जीवराम थांबला नाही. "सोनगीरवालेऽऽ," आणि पुढं शब्द नव्हते, नुसता आवाज होता, बेसूर, घोगरा, मान हलवणारा, आणि तो कुठं थांबवायचा हे त्याला माहीत नव्हतं, कारण हा भाग नेहमी ती बघायची.

तिसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडली. कोणी हाक मारली नाही. कोणी खाली आलं नाही. पण त्या उघड्या खिडकीतून एक रडणं ऐकू यायला लागलं, आधी एका पुरुषाचं, मग एका बाईचं, आणि जीवराम पिशवी उचलून त्या आवाजाच्या दिशेनं चालू लागला.